गाणं अडकायचं थांबलं एकदाचं : डीजेच्या लॅपटॉपला १६ जीबी रॅम आणि १ टीबी एसएसडी, अडीच वर्षांनंतरचा रिव्ह्यू

आधी मी कोण ते सांगतो, म्हणजे रिव्ह्यू कुठल्या नजरेने वाचायचा ते कळेल. मी क्लबमधला डीजे नाही. खेड, मंचर, जुन्नर या पट्ट्यात हळदी, वराती, शिवजयंती, भीमजयंती, गणपती आणि मधेच कुणाच्या तरी पोराचा पहिला वाढदिवस अशी कामं करणारा ऑपरेटर आहे. सिस्टीम अण्णांची म्हणजे मालकाची, लॅपटॉप आणि कंट्रोलर (गाणी मिसळायचं बटणा-चाकांचं यंत्र) माझा. कंट्रोलर पायोनियरचा डीडीजे-४००, सॉफ्टवेअर व्हर्च्युअल डीजे, लॅपटॉप लेनोवोचा थिंकपॅड टी४८०, पुण्यातून एका डीलरकडून सेकंडहँड घेतलेला. प्रोसेसर आय५ आठव्या पिढीचा, ५०० जीबीची साधी हार्ड डिस्क आणि रॅम (चालू कामाची मेमरी) फक्त ४ जीबी. या मॉडेलला रॅमचे दोन स्लॉट असतात, माझ्यात एकच पट्टी होती. दुसरी डीलरने काढून घेतली असणार असा माझा आजही ठाम संशय आहे पण घेताना मी उघडून बघितलं नाही त्यामुळे बोंबलायला जागा नाही.

तर झालं काय की मे २०२३ मधे मंचरच्या बाजूला एक हळद होती. नवरदेव पाटावरून उठला, मामाने खांद्यावर घेतला, सगळं पब्लिक पुढे आलं, मी बरोबर टायमिंगला बीट सोडली आणि बीट सोडल्यावर चौथ्या सेकंदाला गाणं अडकलं. म्हणजे बंद नाही पडलं, "र्र्र्र्र्र" असं एकाच जागी घासत राहिलं, तेही डबल अठराच्या (प्रत्येकात १८ इंची दोन स्पीकर) चार बेसवर, म्हणजे कल्पना करा. नंतर आपोआप सुरू झालं, मग परत अडकलं. नवरदेव खांद्यावर तसाच. मामा माझ्याकडे बघतोय, मी लॅपटॉपकडे बघतोय, लॅपटॉपचा तो डिस्कचा लाईट नुसता पेटलेला, विझायचं नावच नाही. शेवटी अण्णांनी मोबाईल जोडून यूट्यूबवरून गाणं लावलं आणि मधे जाहिरात आली. त्यावर अजून काही लिहायची माझी इच्छा नाही.

त्यानंतर दोन महिने मी सगळ्यांवर संशय घेतला. आधी कंट्रोलरची यूएसबी केबल बदलली. मग सॉफ्टवेअर काढून परत टाकलं. मग बफर वाढवला. बफर म्हणजे आवाज बाहेर सोडायच्या आधी सॉफ्टवेअर किती साठवून ठेवतं ते, ५१२ सॅम्पल ठेवला तर साधारण ११-१२ मिलिसेकंद होतात, मी २०४८ पर्यंत नेला म्हणजे जवळपास ४६ मिलिसेकंद, आता बटण दाबल्यावर आवाज मागून येतोय हे हाताला कळायला लागलं, स्क्रॅच तर विसराच, आणि एवढं करून अडकायचं तसंच अडकत होतं. एकाने सांगितलं जनरेटरची लाईट खराब आहे म्हणून होतं. हे आपल्याकडचं आवडतं कारण, काहीही बिघडलं की जनरेटर.

खरी गंमत अण्णांच्या गोडाऊनला कळली. तिथे टेस्टिंग करताना एकटाच होतो, सहज टास्क मॅनेजर उघडून ठेवला. रॅम ९०-९५ टक्के भरलेली. डिस्क १०० टक्के. आता मी बेस बंद केले आणि नुसत्या टॉपवर (वरच्या बारीक आवाजाच्या स्पीकरवर) गाणी वाजवली तर डिस्क थोड्या वेळाने खाली यायची, लोड होणारं गाणं पण पटकन यायचं. बेस चालू केले, आवाज चढवला, की परत १०० टक्के, आणि खाली तो सरासरी प्रतिसादाचा आकडा असतो तो वीस-पंचवीस मिलिसेकंदावरून उड्या मारत दोन-दोन हजारावर. तीन वेळा करून बघितलं. मग बायकोच्या जुन्या योगा मॅटचा तुकडा कापून लॅपटॉपखाली चार पदरी घडी करून ठेवला (तिला अजून माहीत नाही), तर आकडा उतरला. पूर्ण नाही, पण निम्म्याच्या खाली आला. बेसच्या हादऱ्याने हार्ड डिस्क वाचताना चुकत होती!

ज्यांना हे थापा वाटतं त्यांच्यासाठी, हार्ड डिस्कच्या आत चकती गरगर फिरत असते आणि तिच्यावर केसापेक्षाही बारीक अंतरावरून एक हेड तरंगत असतं. हादरा बसला की हेड लाईन सोडतं, मग चकतीचा परत एक फेरा होईपर्यंत थांबायचं आणि परत वाचायचं. २०२२ मधे मायक्रोसॉफ्टच्या रेमंड चेन यांनी एक जुना किस्सा लिहिला होता, जॅनेट जॅक्सनच्या 'रिदम नेशन'चा व्हिडिओ लावला की एका कंपनीचे काही लॅपटॉप बंद पडायचे, इतकंच नाही तर शेजारी ठेवलेला दुसरा लॅपटॉप पण बंद पडायचा, कारण त्या गाण्यातली एक फ्रिक्वेन्सी ५४०० आरपीएमच्या डिस्कला बरोबर लागायची. त्याला रीतसर सुरक्षेच्या त्रुटीचा नंबर सुद्धा मिळाला. तिथे लॅपटॉपच्या छोट्या स्पीकरवर हे झालं, आपण तर डिस्क चार डबल अठराच्या मागे दहा फुटावर ठेवतो आणि वर ती ट्रॉलीवर, ट्रॉली खड्ड्यातून.

आणि यात रॅमचं काय? तेच तर. सॉफ्टवेअर डेकवरचं (डेक म्हणजे एक गाणं लावायची जागा) गाणं मेमरीत घेऊन वाजवतं, म्हणजे एकदा लोड झाल्यावर डिस्क हलली तरी खरं तर फरक पडायला नको. पण ४ जीबीत विंडोजच अर्ध्याच्या वर जागा खातं, उरलेल्यात व्हर्च्युअल डीजे, दोन डेकवर दोन गाणी, सॅम्पलर, आणि मी हुशार, मागे क्रोम पण चालू, फर्माईश आली तर शोधायला. जागा संपली की विंडोज मेमरीतला माल डिस्कवरच्या पेज फाईलमधे नेऊन टाकतं आणि लागेल तेव्हा परत आणतं. म्हणजे वाजत असलेलं गाणं सुद्धा हादरणाऱ्या डिस्कवर ये-जा करत होतं. अडकणार नाही तर काय होणार.

आता खरेदी. त्या वर्षी अधिक श्रावण आला होता, १८ जुलैपासून, म्हणजे लग्नं बंद, गणपती थेट १९ सप्टेंबरला, हातात वेळच वेळ आणि खिशात पैसे नाहीत. नवीन लॅपटॉप पन्नास-साठ हजाराच्या खाली नीट येत नव्हता. म्हटलं यालाच रिपेअर करू. तापकीर गल्लीत गेलो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पुण्यात बुधवार पेठेत ही गल्ली, वायरपासून अँप्लिफायरपर्यंत सगळं मिळतं, मुंबईवाल्यांचा लॅमिंग्टन रोड तसं आमचं हे. गाडी लावायला जागा मिळत नाही, शनिवारी तर जाऊच नका.

पहिल्या दुकानात रॅम दाखवली, पट्टीवरचा स्टिकर एका कोपऱ्यातून निघालेला, सोनेरी पिनांवर ओरखडे. म्हटलं दादा ही वापरलेली आहे. म्हणे "नाय ओ साहेब, ट्रान्सपोर्टमधे होतं तसं." पिनांवर ओरखडे ट्रान्सपोर्टमधे. निघालो तिथून. चार दुकानं सोडून दुसऱ्याकडे सीलबंद क्रुशियलच्या ८ जीबीच्या दोन पट्ट्या घेतल्या, डीडीआर४, तीन हजार चारशेला दोन. पट्ट्या २६६६ च्या होत्या आणि हा लॅपटॉप २४०० वर चालतो, पण त्याने काही बिघडत नाही, जास्त वेगाची पट्टी खालच्या वेगाला गपगुमान चालते. एकच १६ ची का नाही घेतली? कारण या लॅपटॉपला वेगळं ग्राफिक कार्ड नाही, तो स्क्रीनवरच्या वेव्हफॉर्म (गाण्याच्या सरकत्या लाटा) काढायला पण रॅमच वापरतो, आणि दोन पट्ट्या असल्या की दोन्ही वाटांनी माल येतो, एका पट्टीत एकच वाट. स्क्रीनवर वेव्ह सरकताना जी बारीक थरथर दिसायची ती माझ्याकडे दोन पट्ट्यांनीच गेली. ३२ पर्यंत पण जाता येतं या मॉडेलला. दुकानदार म्हणत होता टाकून घ्या. माझं मत सांगतो, नुसतं डीजेसाठी ३२ म्हणजे टेम्पोला विमानाचं इंजिन. अडीच वर्षात माझा वापर ९-१० च्या वर गेलेला मी बघितला नाही, स्टेम काढताना (गाण्यातला आवाज आणि म्युझिक वेगळं करताना) सोडून.

एसएसडी (चिपवर माल साठवणारी डिस्क) मी मुद्दाम त्या दिवशी नाही घेतली. दोन्ही एकदम टाकलं असतं तर कशाने फरक पडला ते कळलंच नसतं. (खरं कारण पैसे कमी होते, पण हे पण कारण आहे.)

रॅम घरीच टाकली. थिंकपॅडचं हे आवडतं मला, उघडायला बनवलेला लॅपटॉप आहे. पण एक गोष्ट लक्षात ठेवा, टी४८० ला दोन बॅटऱ्या असतात. मागची काढता येते ती काढली म्हणजे करंट बंद झाला असं समजू नका, आत अजून एक बसलेली असते. आधी चालू करताना एफ१ दाबून बायोसमधे (विंडोजच्या आधीच्या सेटिंगमधे) जायचं, कॉन्फिग, मग पॉवर, तिथे आतली बॅटरी बंद करायचा पर्याय आहे, तो दाबला की लॅपटॉप बंद होतो. मग मागची बॅटरी काढायची, मग झाकणाचे सहा स्क्रू. ते स्क्रू ढिले होतात पण पूर्ण निघत नाहीत, झाकणातच लटकून राहतात, त्यामुळे निघत नाहीत म्हणून जोर लावत बसू नका जसा मी लावला. कडेने प्लॅस्टिकच्या खिट्ट्या असतात, त्या गिटारच्या पिकने सोडवल्या. "टक" आवाज आला की जीव वर येतो पण तुटत नाही. रॅम तिरकी घालायची, खाली दाबायची, दोन्ही बाजूच्या क्लिपा आपोआप लागतात. झाकण लावून चार्जर जोडला की आतली बॅटरी परत चालू होते, बायोसमधे परत जायला लागत नाही. चहा गार व्हायच्या आत झालं सगळं.

नुसत्या रॅमवर आठ दिवस चालवला, गोडाऊनला बेस लावून रोज तास-दीड तास. निकाल असा की चालू गाणं अडकायचं जवळजवळ थांबलं. जवळजवळ म्हणतोय. पण पुढचं गाणं डेकवर घ्यायला बेस चालू असताना आठ-दहा सेकंद लागायचे, सर्चमधे दोन अक्षरं टाकली की लिस्ट गोठायची, नवीन गाण्याचा बीपीएम (मिनिटाला किती ठोके) काढायला बसला की सगळंच आचके द्यायला लागायचं. वरातीत आठ सेकंद म्हणजे काय ते ऑपरेटरलाच कळतं, नाचणारा माणूस थांबून तुमच्याकडे वळून बघेपर्यंत चार सेकंद लागतात.

मग परत तापकीर गल्ली, परत ते पार्किंग, आणि क्रुशियल एमएक्स५०० ची १ टीबी घेतली, पाच हजार दोनशेला. साटावाली, अडीच इंची, जुन्या डिस्कच्या जागी तशीच्या तशी बसते. दुकानातला पोरगा म्हणत होता एनव्हीएमई (दुसऱ्या जोडणीची एसएसडी) घ्या, तिप्पट फास्ट. खरं आहे, फास्ट आहे. पण या लॅपटॉपला त्यासाठी वेगळी केबल आणि वेगळा ट्रे लागतो, आणि मुळात हिशोब करा. ३२० केबीपीएसचं एमपी३ म्हणजे सेकंदाला ४० केबी. चार डेक एकदम वाजवले तरी १६० केबी. साटा एसएसडी सेकंदाला ५५०-५६० एमबी वाचते. आता यात तिप्पट फास्ट घेऊन मी काय करू, गाणं तीन पट लवकर संपवू? एसएसडीचा आपल्याला खरा फायदा हा आहे की तिच्यात फिरणारं काही नाही, हेड नाही, चकती नाही, हादरवा किती हादरवायची ती, आणि विखुरलेल्या हजार छोट्या फाईली शोधायला वेळ लागत नाही. सगळ्यात स्वस्त अनोळखी कंपनीची पण बघितली होती, बाराशे रुपयांनी कमी. त्या स्वस्तवाल्यांमधे बहुतेक वेळा डीरॅम कॅश (एसएसडीच्या आतली छोटी वेगवान मेमरी) नसते, मोठा माल कॉपी करायला घेतला की थोड्या वेळाने वेग झोपतो. वाजवायला चालेल पण ज्याच्यावर आपली रोजीरोटी ती डिस्क बाराशे रुपयाने मोजू नये असं माझं मत. एमएक्स५०० ला पाच वर्षं वॉरंटी आणि कंपनी ३६० टीबी लिहिण्याची हमी देते.

साईज का १ टीबी? पाच मिनिटाचं गाणं साधारण १२ एमबी. माझ्याकडे सतरा-अठरा हजार गाणी, त्यातली निम्मी मी कधी वाजवत नाही पण काढायची हिंमत होत नाही, कोण कधी काय फर्माईश करेल. झाले दोनशे जीबी. काही वेव्ह (न दाबलेल्या) फाईली आहेत, त्या मिनिटाला दहा एमबीच्या वर खातात. व्हिडिओ गाणी वेगळी. ५०० मधे भागलं असतं पण एसएसडी गळ्यापर्यंत भरली की मंदावते, थोडी मोकळी ठेवायला लागते.

आता दुकानाचा भाग, कारण इथे मजा झाली. नाव सांगत नाही. माझ्याकडे जुन्या डिस्कवरून नवीनवर माल न्यायला डिस्क बाहेरून जोडायची यूएसबी केस नव्हती म्हणून दुकानातच क्लोन (जशीच्या तशी नक्कल) करायला दिलं, चारशे रुपये घेतले. दोन तासाने या म्हणाले, चार तास लागले, तोपर्यंत मी मंडईपर्यंत दोन वेळा फिरून आलो. घरी येऊन बघतो तर सी आणि डी मिळून ४६५ जीबी! माझं डोकंच फिरलं, मला वाटलं ५०० चीच टाकून दिली, बॉक्स १ टीबीचा आणि माल वेगळा. रात्री दहाला फोन केला, दोन शब्द जास्तच बोललो. तो शांतपणे म्हणाला, "भाऊ, डिस्क मॅनेजमेंट उघडा आणि उजवीकडे काळा पट्टा दिसतो का बघा." दिसला. क्लोन केलं की जुन्या डिस्कएवढंच पार्टिशन होतं, उरलेली जागा तशीच मोकळी पडते, डी वर राईट क्लिक करून एक्स्टेंड व्हॉल्युम केलं की मिळते. दोन्ही मिळून ९३१ झाले, आणि १ टीबी विंडोजमधे ९३१ च दिसतो त्यात कुणी फसवलेलं नसतं. दुसऱ्या दिवशी फोन करून सॉरी म्हणालो. पण माझं म्हणणं आजही आहे की चारशे रुपये घेतल्यावर ते त्यांनीच करून द्यायला पाहिजे होतं, निदान सांगायला तरी. जुनी डिस्क पण मी मागितली तेव्हा ड्रॉवरमधून काढून दिली, न मागता दिली नसती असं मला वाटतं. तुम्ही मागून घ्या, त्यात तुमची सगळी गाणी, आणि पाचशेच्या आत एक यूएसबीची केस घेतली की बॅकअप तयार.

क्लोन न करता नवीन विंडोज टाकायचं असेल (ते खरं तर जास्त चांगलं, जुना कचरा येत नाही) तर एक गोष्ट सोन्याची लक्षात ठेवा. गाण्यांच्या ड्राईव्हचं अक्षर आणि फोल्डरची नावं जुनी होती तशीच ठेवा. गाणी डी मधे होती तर डी मधेच. कारण तुमचे क्यू पॉईंट (गाण्यात लावलेल्या खुणा), लूप, प्लेलिस्ट हे सगळं बहुतेक सॉफ्टवेअर त्या पत्त्यावर लक्षात ठेवतं. माझ्या ओळखीतल्या एकाने गाणी डी वरून ई वर नेली आणि सेराटोमधे (दुसरं डीजे सॉफ्टवेअर) सगळी लायब्ररी हरवलेली दाखवायला लागली, सीझनच्या तोंडावर रात्रभर रिलोकेट करत म्हणजे नवा पत्ता दाखवत बसला. व्हर्च्युअल डीजे दुसऱ्या ड्राईव्हवरच्या गाण्यांचा डेटाबेस त्याच ड्राईव्हवर 'व्हर्च्युअलडीजे' नावाच्या फोल्डरमधे ठेवतं, गाण्यांबरोबर तो फोल्डर पण कॉपी करायचा. कामाचं नाही म्हणून डिलीट करू नका. लोक करतात.

फरक? पूर्वी लॅपटॉप चालू करून वापरायच्या लायकीचा व्हायला चार मिनिटं लागायची, मी सिस्टीमच्या वायरी जोडायच्या आधीच बटण दाबून ठेवायचो. आता वीस सेकंद. सॉफ्टवेअर उघडायला मिनिटभराच्या वर जायचं ते सहा-सात सेकंदावर. सर्चमधे अक्षर टाकेपर्यंत लिस्ट समोर. गोडाऊनला मुद्दाम लॅपटॉप बेसच्या डोक्यावर ठेवून अर्धा तास वाजवला, अण्णा ओरडले पण मला बघायचंच होतं. एकदाही नाही अडकलं. कुणाकडे एकच करायला पैसे असतील तर माझं स्पष्ट मत, आधी एसएसडी, रॅम नंतर. रॅम कमी पडली तरी पेज फाईल निदान न हादरणाऱ्या डिस्कवर जाते. पण ४ जीबी असेल तर दोन्ही करा राव, नका जीव टांगणीला लावू.

तरी सगळं गेलं नव्हतं. दहा-पंधरा मिनिटातून एकदा बारीक "टिक" यायची, हेडफोनला ऐकू यायची, पब्लिकला नाही. मला वाटलं गेले आठ-नऊ हजार पाण्यात. मग लेटन्सीमॉन नावाचं फुकटचं टूल चालवलं, त्यात कळतं कुठला ड्रायव्हर मधेच प्रोसेसरला अडवून धरतोय. वायफायचा ड्रायव्हर निघाला. डिव्हाईस मॅनेजरमधून वायफाय बंद केलं, टिक बंद. यूएसबीची वीज वाचवायची सेटिंग पण बंद करा, पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सवर ठेवा. हे सांगायचं कारण असं की या "टिक"साठी तुम्ही ६४ जीबी रॅम घातली तरी ती जाणार नाही, दुकानदार मात्र विकेल. आता मी कामाला निघतानाच वायफाय बंद करतो, फर्माईश मोबाईलवर शोधतो. क्रोम मागे चालू ठेवायची सवय पण गेली.

स्टेमचं विचारतात बरेच जण, म्हणजे चालू गाण्यातून नुसता आवाज किंवा नुसतं म्युझिक वेगळं काढायचं. आपल्या कामात हे लई चालतं, जुन्या कोळीगीताचा आवाज घ्यायचा आणि खाली हलगीचा लूप सोडायचा, पब्लिक वेडं होतं. खरं सांगतो, इथे अपग्रेडने अर्धंच काम झालं. आवाज वेगळा काढणं हे प्रोसेसर आणि ग्राफिकचं काम आहे आणि माझा आय५ तिथे दमतो, फॅन पिठाच्या गिरणीसारखा फिरतो. १६ जीबीमुळे सॉफ्टवेअर मरत नाही एवढंच. मी काय करतो, ठरलेली शंभर-दीडशे गाणी घरीच रात्री स्टेम काढून सेव्ह करून ठेवतो, कामावर ती लगेच उघडतात. त्या फाईली मूळ गाण्यापेक्षा बऱ्याच मोठ्या होतात, तेव्हा १ टीबी घेतल्याचं समाधान वाटतं. ज्याला समोर उभं राहून कुठल्याही गाण्याचे स्टेम जागेवर काढायचेत त्याने हा खर्च करू नये, पैसे साठवून चांगल्या ग्राफिकचा लॅपटॉप बघावा.

मे महिन्याच्या उन्हात पत्र्याच्या मांडवाखाली लॅपटॉप तापतो, त्याला रॅम-एसएसडीचा उपाय नाही. झाकण उघडलंच आहे तर फॅनमधली धूळ काढा. माझ्यातून गुलालाचा लगदा निघाला, गुलाबी. तीन गणपतींचा असावा.

भावाचं सांगायचं तर मला सगळं मिळून नऊ हजार पडले, रॅम ३४००, एसएसडी ५२००, क्लोनचे ४००. आज हे भाव धरून जाऊ नका. २०२५ च्या दिवाळीच्या आसपासपासून रॅमचे भाव सुटलेत, एआयच्या डेटा सेंटरना माल जातोय म्हणून, एसएसडी पण वर निघाल्यात. दुसऱ्या हाताची चांगली पट्टी मिळत असेल आणि दुकानदार समोर लावून दाखवत असेल तर मी आता नाही म्हणणार नाही, मात्र घ्यायच्या आधी सीपीयू-झेड मधे साईज आणि वेग बघा. एसएसडी असेल तर क्रिस्टलडिस्कइन्फो मधे किती तास चाललीये ते दिसतं, "नवीन" सांगून विकलेल्या डिस्कचे तीन हजार तास झालेले दिसले की तिथूनच उठायचं. आणि लॅपटॉपच घेताय तर आठव्या पिढीच्या खाली जाऊ नका, विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि सातव्या पिढीचे बहुतेक लॅपटॉप विंडोज ११ च्या यादीत नाहीत. माझा आहे, टाकून पण झालं, पण सीझन संपल्यावर टाकलं, सीझनमधे मी विंडोजच्या अपडेटला हात लावत नाही.

आज हे लिहायच्या आधी परत तपासलं. अडीच वर्षं होत आली, दोन लग्नसराया, तीन गणपती. डिस्कची तब्येत ९५ टक्के, लिहिलेला माल नऊ टीबीच्या आसपास. ३६० ची हमी आहे, म्हणजे बहुतेक लॅपटॉप आधी जाईल. जुनी ५०० ची डिस्क केसमधे घालून घरी कपाटात ठेवलीये, महिन्यातून एकदा बॅकअप घेतो, कामावर नेत नाही. योगा मॅटचा तुकडा मात्र अजून लॅपटॉपखालीच असतो, आता कंट्रोलर घसरू नये म्हणून.